जालन्याहून मुंबईला कामासाठी जाताय? तुमची बॅग आता रेल्वेचं वेळापत्रक, जीएसटी आणि ७ किलोचा काटा ठरवतोय

अंबड तालुक्याचं नाव २०२३ मध्ये देशभर पोहोचलं ते अंतरवाली सराटीच्या उपोषणामुळे. त्यानंतर अंबड म्हटलं की लोकांना आंदोलन आठवतं. पण याच तालुक्यातून रोज आणखी एक प्रवास होतो, ज्याची बातमी होत नाही.

कोणी मोसंबीच्या व्यवहारासाठी दिल्लीला निघालेलं असतं. कोणी बियाणे कंपनीच्या मीटिंगसाठी हैदराबादला, कोणी केसच्या तारखेसाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, कोणी फाईल पुढे सरकवायला मंत्रालयात. कोणी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याला. प्रत्येकाच्या खांद्याला एक बॅग असते आणि प्रत्येकाला आदल्या रात्री एकच प्रश्न पडलेला असतो : कपडे कोणते घ्यायचे?

इन्स्टाग्रामवर याचं उत्तर 'कॅप्सूल वॉर्डरोब' या नावाने मिळतं. म्हणजे मोजकेच कपडे, पण एकमेकांवर जुळणारे. कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या डिझायनर डॉना करन यांनी १९८५ मध्ये नोकरदार बायकांसाठी सात कपड्यांचा असाच संच बाजारात आणला होता. अडचण एवढीच की रीलमधला माणूस टॅक्सीतून उतरतो, हॉटेलच्या खोलीत इस्त्री असते आणि जाकीट हँगरला लटकलेलं असतं. आपल्याकडचा माणूस अंबडहून एसटीने जालन्याला येतो, तिथून रेल्वे पकडतो, दादरला लोकलमध्ये घुसतो आणि मग साहेबांसमोर उभा राहतो.

त्यामुळे आपली बॅग भरताना फॅशनच्या आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात : वेळापत्रक, वजन आणि कर. गेल्या दोन वर्षांत या तिन्हींबद्दल बातम्या येऊन गेल्या आहेत. एकेक करून बघू.

वंदे भारत लांबली आणि बॅगेत एक शर्ट वाढला

अंबडला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर जालना. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा ती जालन्याहून पहाटे पाचच्या सुमारास निघायची आणि दुपारी बाराच्या आत सीएसएमटीला पोहोचायची. अंबडच्या माणसाला त्यासाठी साडेतीनलाच घर सोडावं लागे. पण मुंबईत हातात अख्खी दुपार मिळायची.

ऑगस्ट २०२५ मध्ये ही गाडी नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. नांदेड, परभणीकरांची मोठी सोय झाली. जालन्याच्या प्रवाशासाठी मात्र गणित बदललं. आता गाडी जालन्याला सकाळी सातनंतर येते आणि मुंबईत पोहोचायला दुपारचे अडीच वाजतात. परतीची वंदे भारत मुंबईहून दुपारी एकच्या सुमारास सुटते. म्हणजे तुम्ही पोहोचता तेव्हा त्या दिवसाची परतीची गाडी निघून गेलेली असते.

मंत्रालयाची कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. सर्वसामान्य लोकांना आत सोडतात ते दुपारी दोननंतर. अडीचला सीएसएमटीला उतरून, पासच्या रांगेत उभं राहून काम उरकलं तर नशीब. नाही उरकलं तर मुक्काम. आणि मुक्काम म्हणजे दुसऱ्या दिवसाचा जोड.

दुसरा पर्याय रात्रीच्या गाडीचा. देवगिरी एक्स्प्रेससारख्या गाडीने रात्री निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर काम करून पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. लॉजचे पैसे वाचतात. पण बर्थवर झोपलेल्या कपड्यांतच ऑफिसात गेलात तर शर्टच सगळं सांगून टाकतो.

थोडक्यात, दोन प्रवास आणि दोन वेगळ्या बॅगा :

• दिवसाच्या गाडीने जाणार असाल तर एक मुक्काम गृहीत धरा. कामाचे दोन जोड हवेतच. पहिला अंगावर, दुसरा बॅगेत.

• रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर झोपायचे कपडे अंगावर आणि कामाचा एकच जोड बॅगेत, अगदी वरच्या थरात. स्टेशनवरच्या पैसे देऊन वापरायच्या वेटिंग हॉलमध्ये किंवा स्नानगृहात तोंड धुऊन कपडे बदला आणि मगच बाहेर पडा.

समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांचं थोडं वेगळं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. स्वतःची गाडी असेल तर शर्ट हँगरला लावून नेता येतो. पण आमण्याच्या पुढे मुंबईची वाहतूक तीच आहे. मीटिंगचा शर्ट शेवटच्या थांब्यावर बदला.

७ किलो म्हणजे नेमकं किती?

ऑगस्ट २०२५ मध्ये एक बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरली : रेल्वेत आता विमानासारखं सामानाचं वजन होणार आणि दंड लागणार. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांना नवा नियम आणलेला नाही, असं सांगावं लागलं. मर्यादा जुन्याच आहेत. एसी फर्स्ट क्लासला ७० किलो, टू टियरला ५०, थ्री टियर, चेअर कार आणि स्लीपरला ४०, तर सेकंड क्लासला ३५ किलो सामान मोफत नेता येतं. दोन दिवसांच्या कामाला निघालेल्या माणसाला या आकड्यांची चिंता नाही.

खरा काटा विमानतळावर आहे. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे ७ किलोची एक केबिन बॅग आणि चेक-इनमध्ये १५ किलो सामान नेता येतं. बऱ्याच कंपन्या लॅपटॉपची छोटी बॅग किंवा पर्स वेगळी चालवून घेतात, पण ते तिकिटावर वाचून घ्या.

मग १५ किलो मिळत असताना ७ किलोत का बसवायचं? याचं उत्तर डिसेंबर २०२५ ने दिलं. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले आणि इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. माणसं एका शहरात आणि बॅगा दुसऱ्या शहरात अशी अवस्था झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. अडकलेलं सामान ४८ तासांत प्रवाशांपर्यंत पोहोचवा, असा आदेश केंद्र सरकारला द्यावा लागला.

आता ज्याची मीटिंग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होती, त्याला ४८ तासांचा काय उपयोग? म्हणून नियम साधा ठेवा. मीटिंगचे कपडे, कागदपत्रं आणि औषधं चेक-इनमध्ये टाकायची नाहीत.

दोन मुक्कामांच्या बॅगेचा अंदाजे हिशोब करून बघू. एक शर्ट, एक पँट आणि बूट अंगावर आहेत असं धरू.

• दोन शर्ट : ५०० ग्रॅम
• एक पँट : ४५० ग्रॅम
• बिनबाह्यांचं जाकीट : ३५० ग्रॅम
• आतले कपडे आणि मोजे : ३०० ग्रॅम
• रात्रीचे कपडे : ४०० ग्रॅम
• चप्पल : ३०० ग्रॅम
• पातळ पंचा : २०० ग्रॅम
• दात घासण्यापासून दाढीपर्यंतचं सामान : ५०० ग्रॅम
• चार्जर वगैरे : ३०० ग्रॅम
• लॅपटॉप : १ किलो ८०० ग्रॅम
• फाईल : ५०० ग्रॅम

एकूण ५ किलो ६०० ग्रॅम. साधी पाठीवरची सॅक ९०० ग्रॅमची असेल तर सगळं मिळून साडेसहा किलो. तुम्ही पास. पण हेच सामान अडीच-तीन किलोच्या चाकांच्या ट्रॉलीत भरलं तर आकडा आठच्या पुढे जातो. कपडे तेच, नापास झाली ती बॅग. लोक शर्ट कमी करत बसतात, पण खरं वजन बऱ्याचदा ट्रॉलीचंच असतं. घरी काटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात बॅग एकदा टाकून बघा.

जीएसटी बदलला, फायदा कोणाला झाला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. कपड्यांचं गणित असं आहे :

आधी १,००० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर थेट १८ टक्के.

म्हणजे २,४०० रुपयांच्या शर्टवर आधी २८८ रुपये कर बसायचा, आता १२० बसतो. पण ४,००० रुपयांच्या कोटावर आधी ४८० रुपये होते, ते आता ७२० झाले. बुटांनाही हीच २,५०० ची रेघ आहे. त्याखाली ५ टक्के, वर १८ टक्के.

लॉजच्या खोलीतही फरक पडला. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १,५०० रुपयांच्या खोलीवर आधी १८० रुपये, आता ७५.

याचा बॅगेशी संबंध काय? महागातला एक सूट घेण्यापेक्षा २,५०० च्या खालचे दोन-तीन सुटे कपडे घेणं आता कराच्या दृष्टीनेही शहाणपणाचं आहे. आणि तालुक्याच्या गावात आणखी एक वाट शिल्लक आहे, जी मॉलवाल्या शहरात बुजत चालली आहे : शर्टपीस-पँटपीस घ्या आणि शिवून घ्या. कापडावर ५ टक्केच कर आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या खाली असलेल्या टेलरला जीएसटी नोंदणी लागत नाही. शिवाय कपडा अंगाला बसतो, आणि अंगाला नीट बसलेला साधा शर्ट ढगळ ब्रँडेड शर्टपेक्षा कधीही चांगला दिसतो.

कुठे काय घालावं, हे कोणी ठरवलंय का?

काही ठिकाणी ठरवलंय. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. जीन्स, टी-शर्ट, स्लीपर नको, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, शुक्रवारी खादी वापरावी, असं त्यात होतं. पुढे जीन्सच्या बाबतीत सरकारने माघार घेतली, टी-शर्टवरची बंदी राहिली. १५ मार्च २०२४ ला शिक्षकांसाठीही असाच आदेश आला. शिक्षकांनी शर्ट-पँट आणि शर्ट खोचलेला, शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा.

वकिलांचं आणखी वेगळं. बार कौन्सिलच्या नियमानुसार उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, पण ही सवलत सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात नाही. म्हणजे अंबडच्या कोर्टात मे महिन्यात कोटाविना उभा राहणारा वकील दुसऱ्या दिवशी औरंगाबाद खंडपीठात जाणार असेल तर कोट बॅगेत हवाच.

पण मंत्रालयात, बँकेत किंवा कंपनीत भेटायला जाणाऱ्या सामान्य माणसाला असा कोणताही लेखी नियम नाही. तरीही गेटवरच्या माणसाची नजर आधी चपलेकडे जाते, मग कॉलरकडे, मग 'कुणाला भेटायचंय' असा प्रश्न येतो. विचारण्याचा सूर कपड्यांवर ठरतो, हे ज्याने गावाकडून येऊन शहरात काम मागितलंय त्याला वेगळं सांगायची गरज नाही.

मी पुण्यात पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा रात्रभर बसने आले होते. शर्ट पांढरा, त्यावर पहाटेच्या चहाचा डाग. दुसरा शर्ट आणलेला नव्हता, कारण एका दिवसाचंच तर काम होतं. मुलाखतीची पंधरा मिनिटं मी फाईल छातीशी धरून बसले होते. प्रश्न काय विचारले ते आठवत नाही, डाग आठवतो. नोकरी मिळाली नाही. ती डागामुळेच गेली असं मी म्हणणार नाही. पण माझं अर्धं लक्ष तो लपवण्यात गेलं, हे खरं.

कामाच्या कपड्यांचा खरा मुद्दा मला तेव्हा कळला. कपडे समोरच्यावर छाप पाडायला लागतात ते ठीक, पण त्याआधी ते तुम्हाला स्वतःला विसरता आले पाहिजेत.

फुल्यांनी काय घातलं होतं?

कपड्यांवरून माणूस जोखण्याची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. यजमान होते हरी रावजी चिपळूणकर. जमलेली मंडळी उंची पोशाखात. महात्मा फुले तिथे गेले ते शेतकऱ्याच्या वेशात, आणि राणीच्या मुलासमोर त्यांनी खेड्यातल्या गरीब रयतेचं गाऱ्हाणं मांडलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उलट वाट धरली. नीटनेटका सूट-टाय ही त्यांची ओळख झाली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या बायकांना त्यांनी जात दाखवून देणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने सोडायला सांगितलं, स्वच्छ राहायला सांगितलं.

एकाने साधा वेश घातला, दुसऱ्याने सूट. दोघांनाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती : कपडे बोलतात, आणि ते काय बोलणार हे आपण ठरवायचं, समोरच्याने नाही. त्यामुळे 'साधे कपडे म्हणजे गावंढळ' हेही चूक आणि 'ब्लेझर घातला की साहेब झालो' हेही चूक.

मग बॅग कशी भरायची?

तीन गुणिले दोन. तीन शर्ट आणि दोन पँट घेतल्या तर सहा जोड होतात. पण अट एकच, प्रत्येक शर्ट दोन्ही पँटवर गेला पाहिजे. एक जरी शर्ट एकाच पँटवर जात असेल तर तो घरी ठेवा. पँट गडद घ्या : नेव्ही आणि करडी. शर्ट फिकट घ्या : आकाशी, फिकट राखाडी, बारीक रेघांचा. यावर एक बिनबाह्यांचं जाकीट घेतलं की सहाचे बारा जोड होतात. ते कोटापेक्षा हलकं आणि कोटापेक्षा कमी चुरगळतं.

पांढऱ्याचा मोह आवरा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट म्हणजे मराठवाड्यात वजन. पण तो गाडीतून उतरणाऱ्याचा पोशाख आहे, लोकलमधून उतरणाऱ्याचा नाही. न्यायचाच असेल तर एकच न्या आणि ऐनवेळी घाला.

बूट एकच जोड. काळे किंवा तपकिरी, बिनचकाकीचे, चालायला सोपे. पट्टा त्याच रंगाचा. दुसरा जोड म्हणजे जवळपास किलोभर वजन.

कापड हवामान बघून. इथेच आपल्याकडच्या माणसाचा घोळ होतो. अंबडला रात्री धुतलेला शर्ट सकाळी कडक वाळलेला असतो, कारण आपल्याकडची हवा कोरडी. तोच हिशोब धरून 'रात्री धुऊ, सकाळी घालू' म्हणत जुलैत मुंबईला गेलात तर सकाळी ओला शर्ट हातात येईल. मुंबईच्या पावसाळ्यात जाड सुती कपडा दोन दिवस ओलसर राहतो. तिथे सुती-पॉलिस्टर मिश्र कापड लवकर वाळतं, कमी चुरगळतं. मेच्या उन्हात मात्र शुद्ध सुतीच बरं, पॉलिस्टरमध्ये घाम जिरत नाही. लिनन थंड असतं, पण बसल्या जागी चुरगळतं. आणि मोसंबीच्या कामाला डिसेंबरात दिल्लीला जात असाल तर जाड स्वेटर एक घेण्यापेक्षा शर्टच्या आत घालायचं थर्मल आणि वर जाकीट घ्या. वजन कमी, ऊब जास्त.

इस्त्री नसेल तर. आपल्या आजोबांनी तांब्यात गरम पाणी किंवा निखारे घालून कपडे दाबले, पँट गादीखाली ठेवून घडी पाडली. लॉजच्या खोलीत हे दोन्ही आजही जमतं, फक्त निखारे सोडा, पाणी पुरे. कपडे भरताना प्रत्येक शर्ट इस्त्रीवाल्याच्या घडीतच पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला. घड्या एकमेकांवर घसरतात आणि चुण्या कमी पडतात.

बायकांची बॅग वेगळी का?

बहुतेक 'बिझनेस ट्रॅव्हल' सल्ले पुरुषाला धरून लिहिलेले असतात. बचत गटाच्या मालाची पेटी घेऊन मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जाणारी बाई त्यात कुठेच नसते. तिला दिवसभर स्टॉलवर उभं राहायचं असतं, माल उचलायचा असतं, आणि कोणी अधिकारी आले तर पुढे येऊन बोलायचंही असतं.

इथेही तीन गुणिले दोन चालतं. तीन कुर्ते, दोन सलवार किंवा पँट, दोन्हींवर जाणारी एक ओढणी. साडीच नेसायची असेल तर एकाच रंगाच्या ब्लाउजवर जाणाऱ्या दोन साड्या घ्या आणि ब्लाउज मात्र दोन घ्या. घामाने आधी ब्लाउज खराब होतो, साडी नाही. सुती साडीला स्टार्च आणि इस्त्री लागते, त्यामुळे प्रवासात मिश्र कापडाची बरी. आणि कुर्ता शिवून घेताना टेलरकडे खिसा मागून घ्या. मोबाईल आणि तिकीट हातात धरून लोकल पकडता येत नाही.

शेवटी मुद्दा काय?

गाडी लांबली, करांच्या रेघा हलल्या, विमानं रद्द झाली. या निर्णयांशी अंबडच्या प्रवाशाचा काही संबंध नव्हता, पण हिशोब त्याच्याच बॅगेत मांडला गेला. सकाळी निघून, मुंबईत काम करून त्याच रात्री घरी, अशी सोय वेळापत्रकात असती तर दुसरा जोडही लागला नसता आणि लॉजही. ही मागणी करायलाच हवी.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. तीन शर्ट, दोन पँट, एक जाकीट, एक बूट, हलकी सॅक. आणि एक शर्ट जास्तीचा, एकाच दिवसाचं काम असलं तरीही. गावाकडून निघालेल्या माणसाला दुसरी संधी मिळायला पुन्हा एवढाच लांबचा प्रवास करावा लागतो. ती चहाच्या एका डागावर सोडून देण्याइतकी स्वस्त नाही.